विमानाच्या टाकीपासून वेगाची गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या जादा पेट्रोल टाक्यांपासून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांबद्दल मी अधूनमधून लिहितो, आणि दर वेळी तेच प्रश्न फिरून येतात. काही इंजिनिअरिंगच्या मुलांचे, काही गॅरेजवाल्यांचे, काही अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि घराला मोठं गॅरेज असलेल्या मंडळींचे. ते सगळे इथे एका जागी आणले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा आकडा दिसला तर उरलेला भाग तिथे सापडेल.

१. ही 'बेली टँक' गाडी म्हणजे नेमकं काय?

लढाऊ विमानांना लांबचा पल्ला गाठायचा असला की पोटाखाली किंवा पंखाखाली जादा पेट्रोलची टाकी लटकवत. ती रिकामी झाली, किंवा शत्रूचं विमान समोर आलं, की वैमानिक ती सोडून देत असे. युद्ध संपल्यावर न वापरलेल्या अशा टाक्या अमेरिकेत भंगाराच्या भावात विकायला आल्या. तिथल्या हौशी पोरांनी त्यात इंजिन आणि माणूस बसवला, बाहेर चार उघडी चाकं लावली आणि गाडी कॅलिफोर्नियातल्या सुकलेल्या तळ्यांवर पळवली. तळ्याला तिकडे लेक म्हणतात, म्हणून या गाडीचं नाव पडलं 'लेकस्टर'. सरळ रेषेत जास्तीत जास्त वेग गाठणं एवढंच तिचं काम. वळणं नाहीत, शेजारून धावणारा प्रतिस्पर्धी नाही, समोर फक्त घड्याळ.

२. ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

बिल बर्क यांना. युद्धात ते अमेरिकेच्या तटरक्षक दलात होते आणि पॅसिफिक महासागरात असताना त्यांनी या टाक्या पाहिल्या. परत आल्यावर १९४६ मध्ये त्यांनी १६५ गॅलनच्या टाकीची पहिली गाडी बनवली. टाकीची किंमत ३५ डॉलर होती असं सांगतात. त्या गाडीने ताशी सुमारे १३२ मैल, म्हणजे २१२ किलोमीटर, वेग गाठला. पुढे त्यांनी याहून मोठी टाकी घेतली आणि इंजिन मागे नेलं. आज 'बेली टँक' म्हटल्यावर जो आकार डोळ्यांपुढे येतो तो या दुसऱ्या गाडीचा. तिचं कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

या प्रकारातली सगळ्यात प्रसिद्ध गाडी ॲलेक्स झायडियस यांच्या सो-कॅल स्पीड शॉपची (शर्यतीच्या गाड्यांचे भाग विकणारं कॅलिफोर्नियातलं दुकान). १९५२ मध्ये अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिने ताशी सुमारे १९८ मैलांचा वेग नोंदवला. सपाट डोक्याच्या, म्हणजे 'फ्लॅटहेड' (प्रश्न १०), फोर्ड घराण्यातल्या इंजिनावर, त्या काळात! मला विचाराल तर पुढच्या साठ-सत्तर वर्षांतल्या कितीतरी महागड्या गाड्यांपेक्षा ही कामगिरी मोठी आहे.

३. पण टाकीच का? पत्रा ठोकून तसाच आकार करता आला नसता का?

आला असता, पण ज्याच्याकडे तसा कारागीर आणि तसा पैसा होता त्याला. टाकीचा आकार विमान कंपनीच्या वायुगतिकीच्या माणसांनी ठरवलेला होता. पुढून गोलसर, मध्ये फुगीर, मागे निमुळता, कारण विमानाला ती ओढत न्यायची असे. त्या वेळी तळ्यांवर बहुतेक जण १९३२ च्या आसपासच्या फोर्ड रोडस्टर, म्हणजे पक्कं छत नसलेल्या गाड्या, घेऊन येत. त्यांचं उभं तोंड हवेला भिंतीसारखं आडवं जायचं. एखाद्या मेकॅनिकला विंड टनेल (हवेचा झोत सोडून आकार तपासायचा बोगदा) परवडणं शक्य नव्हतं, पण त्यातून निघालेला तयार आकार ३५ डॉलरला मिळत होता.

अर्थात चार चाकं आणि एक्सल बाहेर काढले की त्या सुंदर आकाराचा निम्मा फायदा पाण्यात जातो. हवेचा बराचसा अडथळा चाकंच करतात. मग ती झाकत का नाहीत, ते प्रश्न १५ मध्ये.

४. कुठल्याही विमानाची टाकी चालते का?

नाही. गंमत अशी की योग्य आकाराच्या टाक्या इतिहासाच्या एका छोट्याशा पट्ट्यातच बनल्या.

पहिली १६५ गॅलनची, म्हणजे साधारण ६२५ लिटरची. बर्क यांची पहिली टाकी हीच. ती पी-५१ मस्टँगची म्हणून ओळखली जाते. माणूस आणि इंजिन दोन्ही आत मावायला ती अपुरी पडते. दुसरी पी-३८ लाइटनिंगची मोठी टाकी. ही कुठे ३०५, कुठे ३१०, तर कुठे ३१५ गॅलनची म्हणून नोंदलेली दिसते, म्हणजे जवळजवळ १,२०० लिटर. लेकस्टरची खरी टाकी हीच. १८ एप्रिल १९४३ रोजी जपानचे ॲडमिरल यामामोतो यांचं विमान पाडायला ग्वाडलकनालहून निघालेल्या पी-३८ विमानांना एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठी अशी बेजोड जोडी लावली होती, कारण तेवढ्या घाईत सगळ्यांना पुरतील इतक्या मोठ्या टाक्या मिळाल्या नाहीत. तीन वर्षांनी त्याच दोन मापांवर कॅलिफोर्नियात गाड्या उभ्या राहू लागल्या.

मस्टँगला १०८ गॅलनच्या कागदी टाक्याही लावत. हो, कागदी. लगद्याचे थर चिकटवून ब्रिटनमध्ये बनवलेल्या, कारण टाकून द्यायच्या वस्तूवर धातू कशाला घालवायचा? त्यांचा आपल्याला उपयोग नाही.

जेट विमानांच्या टाक्या मात्र लांब आणि सडपातळ होत गेल्या. वाढत्या वेगाला तो आकार लागतो. त्यात माणूस आडवा सरकेल, पण पाय हलवायला आणि डोक्यावर संरक्षक पिंजरा घालायला जागा उरत नाही.

५. खरी टाकी आज मिळते का? फायबरची घेतली तर कमीपणा आहे का?

मिळते, पण भंगाराच्या भावात नाही. शेतावर पाण्यासाठी किंवा डिझेलसाठी वापरलेल्या, अंगणात पडून राहिलेल्या टाक्या अजून निघतात. विकणाऱ्याला आता त्यांची किंमत कळलेली असते. शिवाय जुनी विमानं दुरुस्त करणारे लोकही त्यांच्या मागावर असतात.

खऱ्या टाकीवरून साचा घेऊन बनवलेली फायबरग्लासची कवचं वापरणारे बरेच आहेत. पळवण्यासाठी गाडी हवी असेल तर मी बेलाशक फायबर घ्यायला सांगेन. घड्याळाला पत्रा आणि फायबर यांतला फरक कळत नाही. आणि खरी टाकी मिठावर नेऊन गंजवण्यापेक्षा ते बरं. जुन्या धाटणीची गाडी जशीच्या तशी उभी करायची असेल तर मात्र पत्र्याला पर्याय नाही. रिव्हेट आणि शिवण यांची नक्कल फायबरवर लांबून ठीक दिसते, जवळून नाही.

६. जुनी टाकी मिळाली आहे. कापायला सुरुवात करू का?

थांबा. रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं. एक ठिणगी पुरते. सत्तर वर्षं उघडी पडलेली टाकीही निर्धोक धरू नका. तिचा नंतर कशासाठी वापर झाला ते कुणाला ठाऊक? आधी कोमट पाणी आणि डिटर्जंटने पुन्हा पुन्हा धुवा, वाफ द्या आणि ज्वलनशील वायूचा मीटर लावून खात्री करा. ग्राइंडर किंवा वेल्डिंगचा टॉर्च त्यानंतर. हे काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. युद्धकाळातल्या विमानी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्यामुळे आतला थर खरवडताना मास्क आणि हातमोजे हवेतच.

मग चुंबक लावून पाहा. चिकटला तर पोलाद, नाही तर ॲल्युमिनियम. पुढची सगळी जोडणी त्यावर ठरते. बऱ्याच टाक्या दोन अर्धी कवचं जोडून बनवलेल्या असतात. ती शिवण उकलता आली तर वरचा भाग झाकणासारखा उचलता येईल. कडेला पत्रा कापण्यापूर्वी आतून आधार द्या. गोल आकार एकदा सुटला की पत्रा फाकतो आणि मूळ गोलाई परत आणणं कुशल डेंटरलाही जड जातं.

७. आधी टाकी घेऊ, इंजिन घेऊ, की चासी बनवू?

आधी नियमपुस्तक घ्या. सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात कमी ऐकलं जाणारं उत्तर असलेला हा प्रश्न आहे.

लोक टाकीच्या प्रेमात पडतात, ती आणून अंगणात ठेवतात आणि मग तिच्यात काय काय बसेल ते शोधत बसतात. हे आधी कळस मग पाया झालं. टाकी हा या गाडीतला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात सोपा भाग आहे. गाडी म्हणजे आतला सांगाडा. सांगाडा ठरतो चालकाच्या शरीरावर आणि इंजिनाच्या लांबीवर, आणि इंजिन ठरतं तुम्ही कुठल्या वर्गात उतरणार त्यावर (प्रश्न १४). म्हणून क्रम असा: वर्ग, इंजिन, चालक, सांगाडा, आणि शेवटी त्यावर चढवायचं कवच. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही १९३७ पासूनची संस्था आहे. एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यावरच्या आणि बॉनव्हिलच्या शर्यती तीच घेते. तिचं नियमपुस्तक दर वर्षी निघतं, तेव्हा मित्राकडची जुनी प्रत वापरू नका. पाइप कापण्यापूर्वी सांगाड्याचं चित्र तिथल्या तपासनिसांना दाखवून घेतलं तर नंतरची बरीच फजिती टळते. ते लोक नव्या माणसाला आपुलकीने मदत करतात.

८. टाकीचा पत्रा भार घेतो का?

अजिबात नाही. तो नुसता अंगरखा. खाली दोन लांब पोलादी पाइप किंवा चौकोनी नळ्या, त्यांना आडवे जोड, चालकाभोवती पिंजरा, मागे इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट. चाकं, स्टिअरिंग, पट्टे, पॅराशूट हे सगळं या सांगाड्याला बांधायचं. कवच काढून ठेवलं तरी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहून ढकलता आली पाहिजे, ही माझी कसोटी.

प्रत्यक्ष काम करताना आधी प्लायवूडचे आडवे छेद कापून टाकीच्या आत बसवून पाहा. मग चालकाला हेल्मेट, सूट आणि बूट घालून त्या मापात बसवा. नुसत्या टी-शर्टवर घेतलेलं माप नंतर हमखास चुकतं. पुढचा एक्सल गुडघ्यांच्या खालून जाणार की पावलांच्या पुढून, ते इथेच ठरतं, आणि इथेच घोडं पेंड खातं: उंच माणसासाठी सांगाडा पुढे सरकवला की वजन पुढे जातं, मागच्या चाकांवरचं कमी होतं आणि मिठावर चाकं फिरत राहतात. मग शिशाच्या विटा घालाव्या लागतात. वजन घातल्याची इथे लाज नाही. पकड मिळावी म्हणून मुद्दाम जड केलेल्या गाड्या बॉनव्हिलवर भरपूर आहेत.

बाहा एसएईइंडिया या कॉलेजच्या मुलांच्या गाडी बनवण्याच्या स्पर्धेत पिंजरा वेल्ड केलेली आपली कॉलेजची मुलं हे काम समजून घ्यायला एकदम तयार असतात, असा माझा अनुभव. पाइपची मापं वेगळी, विचार तोच.

९. इंजिन पुढे असावं की मागे?

बर्क यांच्या पहिल्या गाडीत इंजिन पुढे होतं. लहान टाकीत चालक प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) वर बसायचा आणि त्याचा छातीपासूनचा भाग बाहेर, वाऱ्यात. टाकीचा आकार कितीही गुळगुळीत असला तरी वर माणसाचं धड उभं म्हटल्यावर हवा फाटणारच. मोठ्या टाकीत चालक पुढे आणि इंजिन मागे गेलं. चालक खाली रेलून बसू लागला, बाहेर फक्त डोकं राहिलं.

याचा तोटा एकच, पण मोठा. वजन मागे गेलं की गाडी भोवरा घ्यायला उत्सुक होते. गुरुत्वमध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य त्याच्या मागे असेल तर गाडी बाणासारखी सरळ राहते, उलट झालं तर शेपूट पुढे येऊ पाहते. म्हणून कित्येक लेकस्टरना मागे उभा पंख दिसतो. तो शोभेचा नाही.

१०. जुन्या धाटणीसाठी फोर्डचं फ्लॅटहेडच हवं का?

सक्ती नाही, पण मनाला तेच पटतं. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्त गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलेंडरचं, इंजिन दिलं. २२१ घन इंचांचं, म्हणजे ३.६ लिटरचं, ६५ अश्वशक्तीचं. युद्धानंतर अमेरिकेत दर गल्लीत ते पडलेलं असे, म्हणून तळ्यांवरही तेच. त्याच्यासाठी खास वर्ग अजून आहेत, तेव्हा आजच्या इंजिनांशी झुंजायची वेळ येत नाही.

त्याची खोड मात्र माहीत असू द्या. व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्ये असतात आणि जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून वाट काढत बाहेर पडतो. मधल्या दोन सिलेंडरना तर एकच वाट. त्यामुळे ब्लॉक भयंकर तापतो आणि व्हॉल्व्हच्या सीटपासून सिलेंडरपर्यंत तडा जातो. जुना ब्लॉक घेताना तडे शोधणारी चुंबकीय तपासणी केल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. झोरा आर्कस-डुंटोव्ह हे इंजिनिअर आणि त्यांचा भाऊ यांनी या ब्लॉकवर बसणारे 'आर्डुन' हेड (सिलेंडरवरची झाकणं) काढले होते. त्यात व्हॉल्व्ह वर जातात आणि इंजिनाचा कायापालट होतो. पण मग वर्गही बदलतो.

११. ताशी दोनशे मैलांसाठी किती अश्वशक्ती लागेल?

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने (स्क्वेअरने) वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने (क्यूबने). १५० वरून २०० मैलांवर जायला ताकद जवळजवळ २.४ पट लागते.

ढोबळ हिशेब करून पाहू. गाडीचं समोरचं क्षेत्रफळ गुणिले अडथळ्याचा गुणांक ०.३५ चौरस मीटर धरा आणि बॉनव्हिलच्या हवेची घनता १ किलो प्रति घनमीटर. २०० मैलांना म्हणजे सेकंदाला ८९.४ मीटर वेगाला एकट्या हवेसाठी सुमारे १६८ अश्वशक्ती होतात. १५० ला हाच आकडा ७१ येतो. त्यात मिठावर चाकं फिरवायचा खर्च आणि गिअरमधली गळती घातली की सव्वादोनशेच्या घरात जातो, आणि वेग वाढवत न्यायला त्याच्यावर थोडी शिल्लक हवी. कारखान्यातून निघालेलं युद्धोत्तर फ्लॅटहेड शंभरच्या आसपास देत असे. सो-कॅलच्या त्या १९८ मैलांचं मोल यावरून कळेल.

बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर आहे, साधारण महाबळेश्वरच्या उंचीला. विरळ हवेत अडथळा कमी, पण सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) नसलेलं इंजिनही तेवढंच दमतं. कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) घरी जमवून गेलात तर तिथे मिश्रण पेट्रोलने जड होईल.

१२. रेडिएटर कुठे बसवतात?

बहुतेक बसवतच नाहीत. रेडिएटरला हवा द्यायची म्हणजे नाकाला भोक पाडायचं, आणि मग टाकीचा आकार घेतला कशाला? त्याऐवजी आत पाण्याची टाकी असते, कुणी त्यात बर्फही घालतं. धाव दोन-एक मिनिटांत संपते. तेवढ्यात पाणी गरम होतं, पण उकळत नाही.

१३. स्प्रिंगा नाहीत म्हणे? आणि गाडी मागून ढकलत का नेतात?

अनेक लेकस्टरमध्ये मागचा एक्सल सरळ चासीला बोल्ट केलेला असतो. मैदान सपाट असल्याने चालतं. पाठीला कळतं, पण ते दोन मिनिटंच.

ढकलायचं कारण गिअर. शेवटचा वेग गाठण्यासाठी क्राउन-पिनियनचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या जोडीचं) प्रमाण इतकं उंच ठेवलेलं असतं की गाडी थांबलेल्या स्थितीतून निघताना क्लच जाळेल. म्हणून मागून एखादा पिकअप ट्रक तिला चांगला वेग येईपर्यंत ढकलत नेतो, मग ट्रक बाजूला होतो आणि ती स्वतःच्या जिवावर सुटते. टेड हॅलिब्रँड यांचं 'क्विक-चेंज' डिफरन्शियल इथे फार लाडकं, कारण मागचं झाकण उघडून दोन गिअर बदलले की प्रमाण बदलतं, एक्सल खोलावा लागत नाही. सकाळी वारा समोरून असेल आणि इंजिन वरच्या आरपीएमला पोचतच नसेल, तर ही सोय सोन्याची वाटते.

१४. गाडीच्या अंगावर 'एक्सएफ/बीएफएल' असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय?

तो तिचा वर्ग. तिरक्या रेघेच्या आधी इंजिन, नंतर इंधन आणि गाडीचा प्रकार. 'एक्सएफ' म्हणजे फोर्डचं किंवा तिच्याच मर्क्युरी या ब्रँडचं फ्लॅटहेड. त्याच ब्लॉकवर आर्डुनसारखं हेड असेल तर 'एक्सएक्सएफ'. आधुनिक इंजिनं घनक्षमतेनुसार अक्षरांत विभागलेली आहेत. ५०१ घन इंचांच्या वरचं 'एए', मग ए, बी, सी करत लहान इंजिनांकडे. रेघेनंतरचा 'बी' म्हणजे सुपरचार्जर किंवा टर्बो, 'एफ' म्हणजे मिथेनॉल-नायट्रोमिथेनसारखं खुलं इंधन. 'एफ'च्या जागी 'जी' असेल तर आयोजकांनीच दिलेलं पेट्रोल, तेही टाकीला सील ठोकून. शेवटचा 'एल' म्हणजे लेकस्टर.

एकच गाडी इंजिन बदलून वेगवेगळ्या वर्गांत पळवता येते. सो-कॅलने १९५२ मध्ये हेच केलं. छोट्या व्ही-८ वर सुमारे १४५ मैल, मधल्यावर १८१ आणि मोठ्या मर्क्युरीवर १९८. टाकी एक, इंजिनं तीन.

१५. चाकांच्या मागे छोटासा निमुळता पत्रा लावला तर चालेल का? कुणाला काय कळणार आहे?

कळतं. धावण्यापूर्वी तपासणी होते आणि तिथे असले पत्रे सगळ्यात आधी नजरेत येतात. लेकस्टरची व्याख्याच चार उघडी चाकं ही आहे. चाकं झाकली की गाडी 'स्ट्रीमलायनर' झाली. मग तुमची गाठ त्या वर्गातल्या आकड्यांशी, आणि तिथे टाकीची गाडी टिकणार नाही. चाकाच्या रिंगवर बसणारी ॲल्युमिनियमची सपाट तबकडी मात्र जुन्या काळापासून चालत आली आहे. शर्यतीच्या गाड्यांचे भाग बनवणारे डीन मून यांच्या तबकड्या त्यातल्या प्रसिद्ध. टायर उघडा राहतो आणि आरे हवा घुसळत नाहीत. एक्सल किंवा सस्पेन्शनभोवती काही करायचं असेल तर प्रश्न ७ मधला सल्ला: आधी विचारा, मग कापा.

१६. हुबेहूब १९५० सारखी गाडी बनवून पळवता येईल का? चामड्याची टोपी, गॉगल वगैरे?

फोटोसाठी, हो. घड्याळासमोर, नाही. तेव्हाच्या गाड्यांत पोटाला बांधलेला एक पट्टा आणि डोक्यामागे वाकवलेला एक पाइप असला तरी खूप झालं असं मानत. आज पूर्ण पिंजरा, अनेक बिंदूंना बांधणारे पट्टे, हात बाहेर जाऊ न देणारे दोर, मानेला आधार देणारं उपकरण, आगरोधक सूट, गाडीत बसवलेली आग विझवण्याची यंत्रणा, आणि ठरावीक वेगापुढे पॅराशूट, हे सगळं लागतं. टायरही त्या वेगासाठी प्रमाणित हवेत. जुनाट नक्षीचे शोभेचे टायर चालत नाहीत. चालकाला पट्टे सोडून स्वतःच्या बळावर बाहेर येऊन दाखवावं लागतं, आणि लायसन्सही टप्प्याटप्प्याने मिळतं. पहिल्याच धावेत कुणी दोनशेला जाऊ देत नाही.

पिंजऱ्यामुळे टाकीच्या पाठीवर उंचवटा येतो आणि जुना आकार बिघडतो, अशी तक्रार येते. बिघडतो खरा. पण मला तो उंचवटा आवडतो.

१७. विक्रम कसा ठरतो? एका धावेत झाला तर तो जागतिक विक्रम का म्हणत नाहीत?

दोन मैदानांची रीत वेगळी. एल मिराजच्या सुकलेल्या तळ्यावर वाट साधारण १.३ मैलांची, आणि विक्रम एकाच धावेवर. बॉनव्हिलवर लांब वाट ५ मैलांची. आधी जुन्या आकड्याच्या वर एक धाव घ्यायची, मग गाडी राखीव आवारात जाते. तिथे ठरावीक तासच तिच्यावर काम करता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचं, आणि दोन्हींची सरासरी जुन्या विक्रमाहून जास्त भरली तर नवा विक्रम.

या दोन्ही धावा एकाच दिशेने होतात. आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफआयए, मात्र दोन विरुद्ध दिशांच्या धावा तासाभरात मागतो. म्हणून बॉनव्हिलच्या स्पीड वीकमध्ये (तिथल्या वार्षिक शर्यतींच्या आठवड्यात) झालेला विक्रम सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनचा असतो, जगाचा नाही. त्याची किंमत त्याने कमी होत नाही. बॉनव्हिलवर दोनशे मैलांवरचा विक्रम करणाऱ्यांचा वेगळा क्लब आहे, आणि त्याच्या लाल टोपीसाठी लोकांनी आयुष्याची कमाई मिठात घातली आहे.

१८. बॉनव्हिलला कधी जावं?

स्पीड वीक ऑगस्टमध्ये असतो, पहिला १९४९ मध्ये झाला. पण विमानाचं तिकीट काढताना लक्षात ठेवा की मिठावर कुणाचीच हुकमत चालत नाही. २०१४, २०१५ आणि २०२२ मध्ये तो रद्द करावा लागला, कधी साचलेल्या पाण्यामुळे, कधी चिखल आणि पातळ झालेल्या थरामुळे. मिठाचा थर पूर्वीपेक्षा झिजला आहे, ही तिथल्या लोकांची जुनी चिंता. मुक्काम जवळच्या वेंडोव्हर गावात करावा लागतो. तिथला जुना लष्करी विमानतळ जरूर पाहा. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे'च्या तुकडीने तिथेच सराव केला होता.

१९. भारतात अशी गाडी बनवता येईल का? आता मिग-२१ निवृत्त झालं आहे, तर त्याची टाकी?

हा प्रश्न सप्टेंबर २०२५ नंतर फार येऊ लागला, विशेषतः नाशिककडून, कारण ओझरच्या एचएएलमध्ये मिग-२१ बनत असत. मिगच्या टाक्या ४९० आणि ८०० लिटरच्या. ४९० ची तर बर्क यांच्या पहिल्या, अपुऱ्या पडलेल्या टाकीहूनही लहान, आणि ८०० ची लांबोडकी. आकार जेटचा, म्हणजे प्रश्न ४ मधली अडचण. शिवाय लष्करी भंगार रीतसर लिलावातूनच घ्यायचं असतं. कुणी चोरबाजारातून टाकी आणून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. फायबरचं कवच बनवणारे कारागीर आपल्याकडे चांगले आहेत. तो मार्ग सोपा.

बनवायला अडचण नाही, पळवायची कुठे हा खरा प्रश्न. रस्त्यावर या गाडीची नोंदणी होणार नाही, ती ट्रेलरवरच फिरणार. कच्छचं छोटं रण रानगाढवांचं अभयारण्य आहे, मोठं रण सरहद्दीला लागून. उरण-भाईंदरची मिठागरं म्हणजे बांध घातलेला चिखल. तिथे सायकल चालवणंही कठीण. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे, पण तो वाहन उत्पादकांच्या चाचण्यांसाठी. शर्यतीचा कुठलाही बेत असेल तर एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट महासंघाशी आधी बोला. इकडे सांगाडा बनवून तिकडे पाठवण्याचा विचार असेल, तर वेल्डिंग तपासनिसांना दिसेल असं उघडं ठेवा. पुट्टी आणि रंग नंतर.

२०. पळवायची नाही, नुसती प्रदर्शनात ठेवायची आहे. मग?

मग प्रश्न ११ ते १८ विसरा आणि पैसा पत्र्यावर घाला. रंग जाड चढवू नका. मूळ गाड्यांना एक हात रंग आणि हाताने लिहिलेला आकडा एवढंच असायचं. एकच विनंती: पिंजरा नसलेली गाडी 'जरा मैदानात फिरवून बघू' म्हणून पोराटोरांच्या हाती देऊ नका.

२१. ऐतिहासिक टाकी कापणं म्हणजे वारशाची नासधूस नाही का?

ज्या वस्तूचा जन्मच आकाशातून टाकून देण्यासाठी झाला, तिला गाडी होऊन जास्त आयुष्य मिळालं असं मला वाटतं. लाओसमध्ये युद्धात पडलेल्या टाक्या उभ्या चिरून गावकऱ्यांनी नदीत होड्या केल्या, तेही यातलंच. पण धड, न पिचलेली पी-३८ ची टाकी हाती आली आणि जवळपास कुणी तेच विमान उभं करत असेल, तर आधी त्याला विचारावं. पिचलेली, गंजलेली, आधीच भोक पाडलेली टाकी गाडीसाठी खुशाल घ्या. कापायचीच आहे तर चांगली कशाला?

२२. मिठावरून गाडी परत आणल्यावर काय करायचं?

त्याच दिवशी धुवायची. वेंडोव्हरला गाड्या धुण्याच्या जागेवर रांगा लागतात, तरी थांबा. नुसतं वरून पाणी मारून भागत नाही. चासीच्या पाइपांच्या सांध्यांत, ब्रेकच्या ड्रममध्ये, टाकीच्या शिवणीत आणि वायरिंगच्या जोडांत मीठ ओलसर राहून काम करत असतं. घरी आल्यावर कवच उतरवा, पुन्हा गोड्या पाण्याने धुवा, कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवा, बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. ॲल्युमिनियमच्या टाकीला पोलादी स्क्रू लावले असतील तर त्यांच्याभोवती पांढरी पूड दिसू लागेल. ते काढून स्टेनलेसचे लावा आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. ट्रेलर धुवायला विसरू नका. गाडी चकाचक आणि ट्रेलरचा एक्सल गंजून मोडलेला, असं फार जणांच्या बाबतीत होतं.